वीतभर मेण

मेणबत्ती आणायला गेलो होतो, एवढंच. ओल्डरमथच्या धक्क्यामागे थॉमसिन नावाची म्हातारी मेणबत्त्या करते. सर वारिन हॉलकोमच्या नवसाची मेणबत्ती तिच्याकडे करायला टाकली होती. सुगी आटोपली होती आणि खाडीवर भरदुपारीच धुकं उतरायला लागलं होतं. थॉमसिननं मेणाचं जाडजूड वेटोळं माझ्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "कुणाचं माप घेतलंत रे बाबांनो? धन्याचं की डोलकाठीचं?"

मी हसलो. तिची जीभ अशीच आहे, सगळं बंदर तिला ओळखून आहे. पण गढीकडे चढताना ते ओझं खांद्याला रुतायला लागलं, तेव्हा वाटलं, म्हातारी खोटं बोलली नाही. एका माणसाच्या मापाला हे मेण जास्तच होतं.

आमच्याकडे माणूस जातोय असं दिसलं की त्याला दोऱ्यानं डोक्यापासून टाचेपर्यंत मोजतात आणि संताला बोलतात, या मापाचा माणूस परत दे, याच मापाची मेणबत्ती तुझ्यापुढे लावीन. मग तोच दोरा वात होतो. मला तापात माझ्या आईनं असंच मोजलं होतं. कुणी वाचतो, कुणी नाही, पण मोजायचं कुणी सोडत नाही.

वारिन आणि मी एकाच आठवड्यात जन्मलो. त्याच्या आईला दूध आलं नाही आणि माझ्या आईला दोघांना पुरेल इतकं आलं, म्हणून आम्ही दूधभाऊ. तो गढीत वाढला, मी तबेल्यात, खोड्या मात्र बरोबरीनं केल्या. चारचौघांत मी त्याला सरकार म्हणायचो, एरवी अरे-तुरे. पहिल्या सफरीत तो इतका ओकला की तांडेल म्हणाला, या पोराला तळ्यातल्या बदकांचा सरदार करा. हाच पोरगा पुढे राजाच्या पश्चिमेकडच्या आरमाराचा सरदार झाला. प्रत्येक लढाईआधी त्याच्या अंगावर चिलखत चढवायचं काम माझं. त्याचं शरीर मला माझ्या शरीराइतकं ठाऊक होतं. तो माझ्याहून दोन बोटं बुटका होता आणि त्यावरून मी त्याला जन्मभर चिडवलं.

समुद्रावरच्या लढाईचा रिवाज दोन्ही बाजूंना माहीत आहे. पकडलेला माणूस उमराव असेल तर त्याला खाली नेऊन गरम रस्सा द्यायचा आणि खंडणी येईपर्यंत जपायचा. साधा खलाशी असेल तर हात पाठीमागे बांधून कठड्यावरून खाली. शत्रूही आमच्या पोरांचं तेच करायचा. वारिन तेवढा वेळ शिरस्त्राणसुद्धा न काढता उभा राहून बघायचा. हुकूम आपण दिला तर बघायलाही आपणच हवं, असं त्याचं म्हणणं. मला ते कधी मानवलं नाही. मी दुसरीकडे बघायचो.

त्या उन्हाळ्यात समुद्रापलीकडच्या ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळ आम्ही एक ब्रेटन, म्हणजे तिथलंच, गलबत धरलं. पकडलेले खलाशी रांगेत उभे होते. रांगेत शेवटी एक उंच, तरणाताठा गडी होता. तो ना रडला, ना गयावया केली. त्याचा नंबर आला तसा त्यानं मान खाली घातली आणि धावत येऊन डोक्यानं वारिनच्या छातीवर धडक दिली. दोघं एकदमच कठड्यावरून गेले. एकाचे हात बांधलेले, दुसऱ्याच्या अंगावर लोखंड. पाण्यानं दोघांनाही घेतलं.

आम्ही गळ टाकला. कितीतरी वेळानं तो वारिनच्या कंबरपट्ट्यात अडकला आणि त्याला वर ओढला. ब्रेटन सापडला नाही आणि त्याला कुणी शोधलाही नाही. वारिनचे ओठ काळेनिळे पडले होते. छातीला कान लावला तर आत काही नव्हतं. आमच्या गलबतावरचा पाद्री ओस्मंड शिडं शिवायचा दोरा घेऊन धावत आला. वारिनच्या डोक्यावर सरदाराचं शिरस्त्राण होतं. लांबच्या गलबतांना दिसावं म्हणून त्यावर लाकडी बगळा बसवलेला असायचा. हनुवटीखालचा चामडी पट्टा पाण्यानं फुगून आवळला होता, तो सुटेना, आणि सुरी शोधायला वेळ नव्हता. ओस्मंडनं तसाच दोरा धरला, बगळ्याच्या चोचीपासून टाचेपर्यंत. मग गुडघ्यांवर बसून त्यानं संत हुरेनला हाक घातली, "या मापाचा माणूस परत दे."

वारिन खोकला. तोंडातून पाणी आलं, मग श्वास आला. खलाशी जागच्या जागी गुडघ्यांवर बसले. मी त्याचं ओलं डोकं मांडीवर घेऊन लहान पोरासारखा रडलो, आणि ते सांगायला मला आजही लाज वाटत नाही. माझा भाऊ मला परत मिळाला होता.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी दिवाणखान्याच्या दाराची चौकट त्याच्या कपाळाला लागली. त्या दारातून तो हजारदा गेला असेल. कपाळ चोळत तो म्हणाला, "हॅमलिन, माझी उंची वाढली की काय रे?"

"सरदारकी मिळाली की वाढतेच," मी म्हणालो. दोघंही हसलो.

मग पलंग पुरेना. त्याचे पाय बाहेर लोंबायला लागले. मांडीचं कवच चढवून बघितलं तर गुडघ्याच्या वरच संपलं. आता तो उभा राहिला की मला मान वर करावी लागायची. चेहरा त्याचाच, आवाज त्याचा, डाव्या भुवईवरचा व्रणही त्याचाच, फक्त माणूस लांबला होता. या वयात कुणी वाढत नाही. मी घरात कुणाशी बोललो नाही आणि घरातलं कुणी माझ्याशी बोललं नाही. आम्ही सगळे जेवताना ताटात बघायला लागलो.

जास्त भीती त्याच्या झोपेची वाटायची. अशक्तपणामुळे तो दुपारी निजायचा आणि मी उशाशी बसायचो. झोप लागली की त्याचे हात हळूहळू पाठीमागे जायचे आणि मनगटं एकमेकांवर यायची. मी ती सोडवायला जायचो तर सुटायची नाहीत. जागा झाला की मनगटांवर लाल वळ असायचे आणि उशी ओली असायची. घाम असेल म्हणून मी एकदा बोट लावून चाटलं. त्याला समुद्राची चव होती, नुसत्या मिठाची नाही. तळाशी पडून राहिलेल्या दोराला येतो तसला वास होता.

झोपेत तो पुटपुटायचा. तेच ते शब्द, पुन्हा पुन्हा, आणि ते आपल्या भाषेतले नव्हते. त्याची बायको लेडी इडोनिया. ती सहसा घाबरणारी नाही. नवरा समुद्रावर असताना तिनं गढी एकटीनं राखली आहे. मीठ विकायला येणाऱ्या एका ब्रेटन बाईला तिनं एका दुपारी मागच्या जिन्यानं वर आणलं. ती बाई पलंगाशी उभी राहून ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला.

"काय म्हणतोय?" इडोनियानं विचारलं.

"म्हणतोय... अजून माझा नंबर नाही आला... अजून नाही..."

बाई मिठाची टोपली तिथंच टाकून निघून गेली. पुन्हा ती आमच्या बाजूला फिरकली नाही.

त्या संध्याकाळी वारिननं मला जवळ बोलावलं. हा लढाईत पुढे उभा राहणारा माणूस, पण तेव्हा त्याचे दात वाजत होते. म्हणाला, "खाली मी एकटा नव्हतो रे. हात बांधलेले होते त्याचे, तरी मला धरून होता... दातांनी. वर ओढताना मला वाटलं, सुटलो." मग म्हणाला, "सुटलो नाही, हॅमलिन. तोही आलाय. रोज जरा जास्त जागा घेतो."

"मग आता काय करायचं?"

"मला काय विचारतोस. मी आत किती उरलोय तेच मला कळत नाही."

तर अशा दिवसांत मी ते वेटोळं घेऊन गढीवर पोचलो होतो. दुसऱ्या दिवशी संत हुरेनचा उत्सव, मेणबत्ती तेव्हा लावायची होती. धुकं खिडक्यांना इतकं चिकटलं होतं की दुपारी दिवा लावावा लागला. दिवाणखान्यात आम्ही चौघंच होतो, वारिन, इडोनिया, पाद्री ओस्मंड आणि मी. थॉमसिनचं बोलणं मी सांगितलं तसं इडोनियानं वेटोळं सोडवून ती लांबलचक मेणबत्ती जमिनीवर सरळ पसरली आणि नवऱ्याला शेजारी निजायला सांगितलं. तो निजला. टाच एका टोकाला लावली. दुसरं टोक बरोबर त्याच्या टाळूशी आलं.

ओस्मंडचा चेहरा उतरला. शिरस्त्राणासकट घेतलेलं माप होतं ते. बगळ्याची ती वीत आता वारिननं, म्हणजे वारिनच्या अंगानं, भरून काढली होती.

"संत मापात खोट करत नाही," ओस्मंड पुटपुटला. "आपण या मापाचा माणूस मागितला. वारिन वीतभर कमी पडला, म्हणून जवळ जो बुडत होता त्याच्यातून ती वीत भरली."

इडोनिया बोलली. "मग ती वीत कापू या. उद्या लावायची ती माझ्या नवऱ्याच्या मापाची लावू. जे जास्तीचं मागितलं ते परत."

कुणालाच याहून बरं काही सुचत नव्हतं. पण कापायचं कुठून? जास्तीची वीत होती डोक्याकडची. दोरा गुंडाळून ओस्मंडच्या खिशात गेला होता, तिथून थॉमसिनकडे. आता डोक्याचं टोक कुठलं आणि टाचेचं कुठलं, हे ओस्मंडला आठवेना. दोन्ही टोकं सारखी दिसत होती. चुकीचं टोक कापलं तर कोण जाईल, हे कुणी तोंडानं बोललं नाही. इडोनिया कात्री घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. लग्नाचा नवरा त्या दोरात कुठल्या बाजूला आहे, हे बाईनं कसं ओळखायचं?

"अहो, तुम्हीच सांगा," शेवटी ती म्हणाली. "तुम्हाला आतून काही कळत असेल. कुठलं टोक?"

वारिन उठून बाकावर बसला होता. त्यानं दोन्ही टोकांकडे बघितलं. दिव्याची वात फडफडत होती आणि बाहेर खाडीवर एकही पक्षी ओरडत नव्हता. मग त्यानं हनुवटीनं दाराकडचं टोक दाखवलं.

"ते..."

"नक्की ना?"

"नक्की."

तिनं कापलं. मेण मऊ होतं, एका दमात तुटलं. वारिनच्या तोंडून एक लांब उसासा आला, अगदी पोटातून. ओस्मंड प्रार्थना म्हणत होता. मी तुटलेला तुकडा उचलायला वाकलो, आणि वाकल्यावर मला बाकाच्या मागची बाजू दिसली. वारिनचे दोन्ही हात पाठीमागे होते. मनगटं एकमेकांवर आवळलेली होती. माझ्या डोळ्यांदेखत ती सैल झाली आणि हात पुढे आले. जागेपणी तो कधी तसा बसत नसे. बोट असताना माणूस हनुवटीनं कशाला दाखवेल? टोक कुणी निवडलं ते मला तेव्हा कळलं. पण तुटलेलं मेण आता कुठं जुळणार होतं?

त्या दिवशी तो गाढ झोपला. उशी कोरडी राहिली, हात छातीवर राहिले. दुसऱ्या दिवशी मेणबत्ती संत हुरेनपुढे लागली आणि शेवटपर्यंत जळली. दारातून जाताना वारिनचं कपाळ लागलं नाही, पलंग पुरला. गढीवरच्या नोकरांनी घंटा वाजवल्या. ओस्मंड तर आनंदानं इतकी दारू प्यायला की त्याला उचलून आणावं लागलं.

लोक म्हणतात, मरण बघितलं की माणूस सुधारतो. सर वारिन सुधारले आहेत. आरमाराची सरदारकी त्यांनी सोडली. त्यांच्या हद्दीत आता कुणालाही पाण्यात टाकत नाहीत. गरिबांच्या पोरांना ते दूधपाव वाटतात, बायकोशी मऊ बोलतात. पण ते होडीत पाय ठेवत नाहीत, आणि चिलखत दिसलं की आधी त्यांचे डोळे त्याच्या पट्ट्यांवर फिरतात, हे कसं बांधतात, हे बघावं तसे. माझ्याकडे बघून ते नम्रपणे हसतात. त्या हसण्यात ओळख नसते. मी एकदा मुद्दाम तळ्यातल्या बदकांची गोष्ट काढली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि विचारलं, "मग? त्या पोराचं पुढं काय झालं?"

इडोनियाला ठाऊक आहे. एका दुपारी तिनं मला अंगणात गाठलं आणि माझ्याकडे न बघता बोलली, "हॅमलिन, तो तुकडा तुझ्याकडेच आहे ना? पेटवू नकोस. कुणाला देऊ नकोस." मग फार हळू म्हणाली, "मला दोघांचीही भीती वाटते रे. पण त्या तुकड्यात आहे तो माझा आहे."

मी गढी सोडून खाडीकाठच्या झोपडीत राहायला आलो. तो वीतभर तुकडा इथं एका मडक्यात झाकून ठेवला आहे. माझ्या भावाचं जे काही उरलं असेल ते एवढंच. उचलला की तो कोमट लागतो, माझ्या हातापेक्षा थोडा जास्त. वाऱ्याच्या दिवशी मी त्याच्याशी बोलतो. येड्यागत वाटेल, पण वाटू दे. जन्मल्यापासून ज्याच्याशी बोललो त्याच्याशी आता एकदम बोलायचं कसं सोडू?

पण तो कमी होतोय. पहिल्यांदा मला वाटलं, नजरेचा भास. मग बोटानं मोजून बघितलं. मी तो कधी चुलीजवळसुद्धा नेलेला नाही, तरी तो आखूड होतोय, आणि मडक्यात वितळलेलं मेण म्हणून काही सापडत नाही. मी थॉमसिनकडे धावलो. म्हटलं, याला नवं मेण जोड, लांब कर, वाटेल ते कर. तिनं तीनदा प्रयत्न केला. नवं मेण त्या वातीला धरेना, गळून पडायचं. वात ओली आहे म्हणाली, आणि तुकडा माझ्या हातात देऊन हात फडक्याला पुसत राहिली, कितीतरी वेळ. हे मी इडोनियाला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगू?

काल खाडीवर पुन्हा धुकं होतं. सकाळी दार उघडलं तर बाहेर सर वारिन उभे होते, फडक्यात गुंडाळलेला गरम पाव घेऊन. आत या म्हटलं तर आले नाहीत. उंबऱ्याबाहेर दगडावर बसले. माझ्या सांध्यांची चौकशी केली, छपराला नवं गवत पाठवतो म्हणाले. किती मायेनं बोलत होते. मग धुक्याकडे बघत, अगदी सहज विचारलं.

"अजून किती उरलाय?"

त्यांनी दिलेला पाव माझ्या हातून खाली पडला. "काय?... काय उरलाय?"

"तुकडा."

मी खोटं बोललो. म्हटलं, वीतभर आहे, होता तसाच आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, कीवच होती. हळूच मान हलवत त्यांनी करंगळी वर केली आणि दुसऱ्या हाताच्या नखानं तिचं पहिलं पेर दाखवलं.

"एवढाच," ते म्हणाले. "सांभाळा हं..."

ते धुक्यात दिसेनासे होईपर्यंत मी हललो नाही. मग दार लावून अडसर घातला आणि मडकं उघडलं. झाकणावर मी ठेवलेला दगड जागचा हलला नव्हता. आत पेराएवढाच तुकडा होता. त्याच्या ओल्या वातीतून बारीकसा धूर निघत होता, नुकतीच कुणीतरी फुंकर घालून विझवल्यासारखा.